स्पेलिंग सांगता का?

मराठी माणूस धंद्यात पडायला कचरतो, हा आरोप मला मान्य नाही. उडी मारायला तो केव्हाचा तयार असतो, नाव ठरत नाही म्हणून काठावर थांबलेला असतो. पूर्वी हा प्रश्न सोपा होता. कुलदैवत, आई किंवा थोरली मुलगी, यांच्यापैकी कुणाचं तरी नाव पत्र्यावर रंगवलं की दुकान सुरू. एकाच गावात श्री गणेश पिठाची गिरणी, श्री गणेश सायकल मार्ट, श्री गणेश लाँड्री आणि श्री गणेश खानावळ सुखाने नांदायची. पोस्टमनचा घोटाळा होत नसे आणि गणपतीचीही तक्रार नसे. इंटरनेटवर मात्र एका स्पेलिंगचा श्री गणेश डॉट कॉम जगात एकच. जो पहिला पोचला त्याच्याकडे तो मुक्कामाला गेला. मागून आलेल्यांनी ‘ऑनलाइन’, ‘इंडिया’, ‘24’, ‘365’ असली शेपटं लावून समाधान मानायचं. वर्षाचे 365 दिवस चालू असल्याचं सांगणाऱ्या त्या दुकानाला सोमवारी कुलूप असतं, तो भाग वेगळा.

सुरुवातीला हे सगळं इतकं निवांत होतं की वाचून हळहळ वाटते. 1983 मध्ये अमेरिकेत पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नावांची पद्धत आखली. त्याआधी नेटवर्कवरच्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेच्या एकाच यादीत असत आणि ती यादी एलिझाबेथ फाइनलर या बाईंचं ऑफिस सांभाळत असे. 15 मार्च 1985 रोजी सिंबॉलिक्स नावाच्या कॉम्प्युटर कंपनीने पहिलं डॉट कॉम नोंदवलं. फुकट. पुढची दहा वर्षं नावं फुकटच होती. 1995 पासून दोन वर्षांचे 100 डॉलर पडू लागले. त्याच्या आदल्या वर्षी एका अमेरिकी पत्रकाराने सहज बघितलं तर मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम मोकळं! कंपनीला विचारलं, तर तिथे कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. शेवटी त्यानेच ते आपल्या नावावर घेतलं. मग कंपनीला जाग आली आणि नाव परत मिळवताना तिने ब्रुकलिनमधल्या एका शाळेला इंटरनेटसाठी 3,500 डॉलर दिले.

साताऱ्याच्या काकांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. त्यांना कोथरूडचा प्लॉट आठवला होता. ‘तिकडे कोण राहायला जाणार?’ असं म्हणून सोडलेला एक प्लॉट प्रत्येक मराठी घराच्या इतिहासात असतो, आणि डोमेनच्या बाबतीत तर आपण सगळं कोथरूडच सोडून बसलो आहोत.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, निवृत्त मुख्याध्यापक. मावशी भाजणी, मेतकूट, सांडगे आणि काळा मसाला करून विकते. गिऱ्हाइकं तोंडी प्रसिद्धीवर साताऱ्यापासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेली. पुण्यात इंजिनियरिंगला असलेल्या नातवाने जाहीर केलं की आता वेबसाइट पाहिजे, आणि वेबसाइटला आधी नाव पाहिजे. झालं. घरात कॉम्प्युटरला हात लावणारा म्हणून मलाही बोलावणं आलं.

पहिलं नाव अर्थातच काकांनी सुचवलं: ‘सुज्ञ गृहिणी’. त्यांनी ते उभं राहून सुचवलं. अर्थ उत्तम, पण ज्ञ या अक्षराने इंग्रजीत तीन संसार थाटलेले आहेत. आपण मराठी लोक डी-एन-वाय लिहितो, हिंदीवाले जी-वाय लिहितात आणि संस्कृतचे प्राध्यापक जे-एन लिहितात. म्हणजे मावशीची भाजणी मागवायची तर गिऱ्हाइकाने आधी स्वतःचा प्रांत ठरवायचा. काकांनी मग ‘अन्नपूर्णा’ पुढे केली. तिच्यात पू-मध्ये यू एक की ओ दोन, यावर नातू आणि काका यांच्यात जुंपली. नाव कधीच कुणीतरी घेऊन ठेवलेलं निघालं तरी वाद थांबला नाही. काकांच्या मते तो आता तत्त्वाचा प्रश्न होता.

“नाव कशाला पाहिजे? जे विकते ते लिहा,” मावशी म्हणाली. हे व्यवहारी वाटलं. पण मराठी खाद्यपदार्थ इंग्रजी अक्षरांत घालून बघा. भाजणी घातली की भजनी होऊन बाहेर येते. त्या नावाच्या साइटवर टाळ-मृदंगाचे भाव विचारणारं एखादं मंडळ आषाढात येणारच. शिवाय ‘भा’ला ए एक की दोन, ‘ज’नंतर ए द्यायचा की नाही, ‘णी’ला आय की डबल ई, एवढाच हिशेब धरला तरी एकट्या भाजणीची 8 रूपं होतात. सांडगे लिहिले, तर इंग्रजी शाळेतली नात ते ‘सँडेज’ असं वाचून म्हणाली, “आजी, हे बँडेजसारखं असतं का?” काळा मसाला तर विचारूच नका. आपला ळ इंग्रजीत जाताना वेशीवरच टोपी काढून ल होतो, त्यामुळे आधी ‘कला मसाला’ झाला. त्यात डोमेनमध्ये शब्दांच्या मधे जागा सोडता येत नाही. सगळी अक्षरं सलग लिहिल्यावर नातवाने ती मोठ्याने वाचली: “कलमा साला.”

“साला कुणाला म्हणतोस रे?” मावशी आतून ओरडली.

जागा सोडता येत नाही तर मधे आडवी रेघ द्या, असं मी सुचवलं. नियमाने ती चालते. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि ती एक छोटी रेघ एवढ्यालाच डोमेनमध्ये प्रवेश आहे, आणि रेघेनेही सुरुवातीला किंवा शेवटी उभं राहायचं नाही. पण ती रेघ तोंडाने सांगायची कशी? कोणी तिला डॅश म्हणतं, कोणी हायफन, कोणी मायनस. काकांनी चाळिशीच्या वरून बघत विचारलं, “मधली की खालची?” खालची म्हणजे अंडरस्कोर. ती चालत नाही. तरी दहातले नऊ जण तीच टाइप करतात आणि साइट बंद आहे म्हणून कळवतात. रेघ बाद.

लांबीला मात्र मर्यादा उदार आहे. डॉटच्या अलीकडच्या एका तुकड्यात 63 अक्षरं बसतात. वेल्समध्ये एका गावाचं नाव 58 अक्षरी आहे, तेही एका दमात मावतं. आपले सहकारी साखर कारखाने मात्र मावणार नाहीत. ‘सहकारमहर्षी’ आणि संस्थापकांचं पूर्ण नाव झालं की शेतकरी, सहकारी, साखर आणि मर्यादित हे चौघेही कुंपणाबाहेर राहतात.

मग नातवाने त्याच्या पिढीचं शस्त्र काढलं. डॉट कॉमच पाहिजे असा हट्ट कशाला? प्रत्येक देशाला दोन अक्षरांची स्वतःची शेपटी आहे, तिचा शब्द बनवायचा. आपली डॉट इन 2005 मध्ये सगळ्यांना सरसकट खुली झाली, त्याआधी ती मिळवणं म्हणजे कागदपत्रांचा छळ होता. पण नातवाला इन नको होती. तो म्हणाला, “डॉट ए आय. सध्या सगळे तेच घेतात.” ही शेपटी मुळात कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला बेटाची. पंधरा-सोळा हजार वस्तीच्या या बेटाला कृत्रिम बुद्धिमत्तेची आद्याक्षरं वाटणीला आली आणि 2023 मध्ये निव्वळ शेपट्या विकून सुमारे 3 कोटी 20 लाख डॉलर मिळाले, सरकारी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. तिकडे पॅसिफिकमधल्या तुवालू देशाला डॉट टीव्ही लाभली. त्या पैशातून तो 2000 साली संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला. काकांनी मात्र कागदावर ए आणि आय शेजारी शेजारी बघितले आणि सरळ वाचलं, “मावशी डॉट आई.” मग स्वतःच म्हणाले, “नात्यात घोळ आहे. माय मरो मावशी जगो म्हणतात, इथे दोघी एकाच बिलात.”

स्वित्झर्लंडची शेपटी सी-एच आहे हे कळल्यावर मात्र माझा जीव थोडा गुंतला. ती उच्चारली की ‘च’. ‘आम्ही डॉट च’! सदाशिव पेठेत यासारखं दुसरं नाव होणे नाही. कोलंबियाची सी-ओ घेतली तर बी-ए-वाय लावून ‘बाय डॉट को’ होतं, पण ते नाव मावशीने घ्यायचं की काकांनी यावर एकमत झालं नाही. अखेर नातवाने हुकमाचं पान टाकलं. लाओस देशाची शेपटी एल-ए. तिच्या आधी एम-ए-एस-ए. “मसा डॉट ला! वाचा बरं. मसाला!”

काकांनी वाचलं, “मासा डॉट ला.”

मावशी हातातला झारा घेऊन बाहेर आली. चातुर्मासात कांदासुद्धा न खाणारी ही बाई. “माझ्या मसाल्यात मासा?” नातू समजावत राहिला की आजी, तसं नाही, तो डॉट आहे. पण दाराबाहेरची मांजर एव्हाना आत डोकावू लागली होती, असं मावशी अजूनही सांगते. लाओस बाद.

“हे सगळं इंग्रजीचं लफडं आहे. मराठी अक्षरांत डोमेन का नाही?” काका म्हणाले. आहे की. 27 ऑगस्ट 2014 पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ मिळतं आणि मराठीच्या बरोबरीने कोकणीलाही ते खुलं आहे. काका हरखले. मी पुढचं सांगितलं. नाव आपण देवनागरीत लिहिलं, तरी आतल्या यंत्रणेला रोमन अक्षरंच समजतात. म्हणून त्याचं एका गुप्त लिपीत रूपांतर होतं. तिला पुनीकोड म्हणतात. तिचा पुण्याशी संबंध नाही, पण आपलंच नाव आपल्याला ओळखू येणार नाही असं करून परत हातात ठेवायचं, ही रीत बघता असायला हरकत नव्हती. ‘भारत’ हा शब्द तिच्यात ‘एक्स एन डॅश डॅश एच टू बी आर जे नाइन सी’ असा होतो. देवनागरीतला पत्ता कधीकधी व्हॉट्सॲपवर चिकटवला की समोरच्याला हा अवतार दिसतो, आणि बँकेने सावध राहायला सांगितलेली लिंक हीच, असं समजून तो ती तत्काळ उडवतो.

तरी काका डॉट भारतवर ठाम होते. पण मेतकूटमधला कू पहिला की दुसरा हा प्रश्न मी सहज विचारला, आणि एका मुख्याध्यापकाला तो विचारू नये हे मला तेव्हा सुचलं नाही. इंग्रजीत निदान कुणी शुद्धलेखनाचे नियम काढत नाही.

या घडीला माझं मत पक्कं झालं होतं. डोमेनचं नाव अर्थपूर्ण असावं, आखूड असावं, लक्षात राहावं असले सल्ले ढिगाने मिळतात आणि ते खोटे नाहीत. पण परीक्षा एकच आहे. ते नाव फोनवरून, एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला, एकदाच सांगून कळलं पाहिजे. हा काही माझा शोध नाही. जेफ बेझोस यांनी आपल्या कंपनीला आधी ‘कडॅब्रा’ नाव ठेवलं होतं, जादूच्या मंत्रातलं. फोनवर ते लोकांना ‘कॅडॅव्हर’, म्हणजे मढं, असं ऐकू यायचं. मढ्याच्या नावाने पुस्तकं कोण घेणार? पुढे ॲमेझॉन आलं. फोन कोणाचीच भीड ठेवत नाही.

आम्ही लगेच प्रयोग केला. माझी आई तेव्हा स्वारगेटच्या स्टँडवर साताऱ्याच्या गाडीची वाट बघत होती. मावशीने फोन लावला.

“ताई, लिहून घे. बी.”

“डी?”

“बी, बॉलचा. मग एच, हत्तीचा.”

“हत्तीला ई ना? एलिफंटचा.”

“अगं, आपल्या हत्तीचा. मग ए, जे, ए. मग एन, नाशिकचा.”

“एम नाशिकचा?”

“एन! आणि शेवटी आय.”

“आईच बोलतेय मी. कोण पाहिजे तुला?”

तेवढ्यात गाडी लागली आणि भाजणी तिथेच राहिली.

बरं, एक स्पेलिंग घेऊन बाकीची मोकळी सोडावीत तर शेजारी कोण येऊन बसेल सांगता येत नाही. हा किस्सा आपल्या मुंबईचा आहे. रेडिफच्या शेजारी ‘रॅडिफ’ उगवलं, ई-च्या जागी ए. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, 1999 साली. रॅडिफवाल्यांनी खुलासा केला की हे नाव आम्हाला स्वतंत्रपणे सुचलं: रॅडिकलची पहिली तीन अक्षरं, इन्फर्मेशनचा आय, फ्यूचरचा एफ आणि फ्रीचा एफ. न्यायालयाने हे ऐकून घेतलं आणि मनाई हुकूम दिला. पुढे सिफी आणि सिफीनेट यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला, तिथे खुलासा होता की ही आमच्या पाच भागीदारांची आद्याक्षरं आहेत. 2004 मध्ये तोही टिकला नाही. डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण आहे, असं न्यायालयाने सांगितलं. मला दोन्ही खुलासे मनापासून आवडतात. एवढी प्रतिभा नवं नाव शोधण्यात घातली असती तर कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

तेव्हा एकाच प्रकारे लिहिता येईल असा मराठी शब्द हवा होता. ळ नको, ण नको, ज्ञ तर नकोच. व नको, कारण त्याला व्ही आणि डब्लू अशी दोन घरं. दीर्घ ई-ऊ नको. हे सगळं गाळल्यावर मराठीत फारसं काही उरत नाही. बटाटा उरतो, पोहे उरतात, पापड उरतो. मावशी यातलं काहीही विकत नव्हती. पण पापड या शब्दाशी सगळे थबकले. कुणीही, कुठेही, झोपेतसुद्धा तो चुकवून लिहील असं वाटेना. नुसता पापड मिळणं शक्यच नव्हतं. मावशी पानं वाढत होती आणि नेहमीप्रमाणे नातवाला विचारत होती, “एक पापड की दोन?”

दोन पापड! डी-ओ-एन, पी-ए-पी-ए-डी. नाव मोकळं होतं. पुन्हा आईला फोन झाला. ती चालत्या एसटीत होती, शेजारी बाळ रडत होतं, आणि तिने एका दमात बरोबर लिहून घेतलं.

दोष एवढाच निघाला की मुंबईच्या गिऱ्हाइकांनी ते ‘डॉन पापड’ असं वाचलं. काकांना ते लागलं. मावशीला मात्र त्यात वावगं दिसलं नाही. उधारी मागायला सोपं जातं म्हणाली. शिवाय साइट सुरू झाल्यापासून लोक पापडच मागतात. भाजणी आणि मेतकूट खाली कुठेतरी आहेत हे पाहायला कुणी तिथवर जात नाही. त्यामुळे मावशीने आता शेजारच्या बाईंकडून पापड करून घ्यायला सुरुवात केली आहे, आणि मालात पापड आल्यावर नाव किती विचार करून ठेवलंय असं लोक म्हणू लागले आहेत.

नूतनीकरणाचं खातं काकांकडे आहे. नाव विकत मिळत नाही, ते वर्षाच्या बोलीवर मिळतं आणि हप्ता चुकला तर जातं, हे त्यांना आयुर्विम्यासारखं लगेच पटलं. मी त्यांना 1999 च्या नाताळची गोष्ट सांगितली होती. मायक्रोसॉफ्ट आपल्या पासपोर्ट डॉट कॉमचे पैसे भरायला विसरली, हॉटमेल अडलं, आणि एका परक्या प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून 35 डॉलर भरून ते चालू केलं. 2015 मध्ये तर कच्छमधल्या मांडवीच्या एका तरुणाने चक्क गुगल डॉट कॉम 12 डॉलरला विकत घेतलं आणि ते मिनिटभर त्याचं होतं. काकांनी ताबडतोब कालनिर्णयवर पुढची तारीख लाल पेनने लिहिली, संकष्टीच्या चौकटीत. अमेरिकेतल्या कंपन्यांकडे कालनिर्णय नसेल, एवढीच त्यांची त्यावर टिप्पणी.

गेल्या महिन्यात दारावर बोर्ड लागला. पेंटर शिडीवरून उतरेपर्यंत आम्ही कुणी वर बघितलं नव्हतं. बघितलं तर सुवाच्य अक्षरांत लिहिलेलं: डब्लू डब्लू डब्लू डॉट दोन पापड ॲट द रेट जीमेल डॉट कॉम.

“अहो, हे जीमेल कुठून आलं? कागदावर तर नव्हतं,” काका म्हणाले.

पेंटरने ब्रश पुसला. “नव्हतं ना, म्हणून तर घातलं, सर. या रस्त्याला सगळ्यांचं जीमेल आहे. तुमच्या एकट्याचं नसलं तर लोकांना वाटेल, परवडलं नाही.”